जमिनीचे उतार, पाण्याचा निचरा आणि मातीची धूप: लेआउटचं नियोजन पाण्याच्या बाहेर पडण्याच्या जागेपासून

सपाटीकरणाचा आराखडा जोत्याच्या उंचीपासून सुरू केला की तो कुठेतरी हमखास अडतो. इमारत बसते, रस्ते बसतात, आणि शेवटी पाणी नालीत सोडायला जावं तर नालीचा तळच आपल्या अंगणापेक्षा वर निघतो. म्हणून इथला क्रम उलटा आहे. पाणी जागेबाहेर कुठून पडणार हे आधी, तिथली पातळी त्यानंतर, मग खालून वर चढत चर, रस्ते, अंगण आणि सगळ्यात शेवटी जोतं.

शिवाय पूर्ण झालेल्या जागेचा एकच नकाशा काढून भागत नाही. जमीन उघडी पडल्यापासून तिच्यावर गवत धरेपर्यंतच्या मधल्या महिन्यांत सगळ्यात जास्त माती वाहते, आणि नेमके तेच महिने नकाशावर नसतात. किमान तीन नकाशे हवेत: आजची जमीन, काम चालू असतानाची जमीन आणि तयार जमीन. तिन्हींवर पाण्याची वाट बाणांनी दाखवलेली हवी.

एखाद्या घराच्या जागेपासून काही हेक्टरच्या लेआउटपर्यंत हा क्रम चालतो. तीव्र डोंगरउतार, घसरणारी जमीन किंवा पूररेषेतली जागा असेल तर अभियंत्याची सही असलेली गणितं लागतातच. ती करून घेताना काय विचारायचं, एवढं तरी यातून कळावं.

जागा पायाखाली घाला

शक्य असेल तर चांगला पाऊस चालू असताना जागेवर जा. ते जमलं नाही तर पाऊस उघडल्यावर लगेच. कोरड्या दिवशीही जमीन बरंच सांगते. कुंपणाच्या जाळीत पालापाचोळा कुठे आणि किती उंचीवर अडकलाय, गवत कोणत्या दिशेला झोपलंय, लव्हाळा कुठे माजलाय, बांधाच्या पायथ्याशी बारीक गाळाची साय कुठे धरलीय, हे बघत चाला. लव्हाळा माजतो तिथे बहुधा पाणी जमिनीतून वर येत असतं, आणि अशी जागा वरून भराव टाकून ‘सुकवता’ येत नाही. पाणी भरावाखालून वाट काढतं आणि दोन पावसांनी रस्ता खचतो.

चालताना आपल्या हद्दीच्या वरही जा. पाणलोट सातबाऱ्याची हद्द बघत नाही. वरच्या जमिनीवरून येणारं पाणी आपल्या जागेतून जात असेल तर त्याची वाट आपल्याला ठेवावीच लागते. ती बुजवली तर ते थांबत नाही, फक्त वेगळीकडून घुसतं.

मग मोजणी. कामाच्या पट्ट्याबाहेर, रोलर-डंपरचा धक्का लागणार नाही अशा पक्क्या जागी एक बेंचमार्क, म्हणजे सगळ्या उंच्या ज्याच्यापासून मोजायच्या तो न हलणारा बिंदू, करा आणि त्याला सोयीची पातळी द्या, समजा १००.०० मीटर. साधारण १० मीटरच्या चौकटीत पातळ्या घ्या. जमीन खूप सपाट किंवा खूप वळणावळणाची असेल तर ५ मीटरवर या. मात्र चौकटीपेक्षा महत्त्वाचे असतात ते मोडाचे बिंदू: उंचवट्याची धार, ओघळीचा तळ आणि दोन्ही काठ, बांधाचा माथा आणि पायथा, राखायच्या झाडांच्या बुंध्याजवळची जमीन, रस्त्याचा मध्य आणि कडा, मोरीचं तोंड, चेंबरचं झाकण आणि आतल्या पाइपाचा तळ. हद्दीपलीकडे १५ ते ३० मीटरपर्यंतच्या पातळ्याही घ्या. सपाट जागेला २५ ते ५० सेंटिमीटर अंतराच्या कंटूर रेषा (सारख्या उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेषा) लागतात, डोंगरी जागेला १ मीटर पुरते. सपाट जागेवर १ मीटरच्या कंटूरचा नकाशा कोणी दिला तर तो परत करा. त्यावर पाण्याची दिशाच दिसत नाही.

मातीसाठी दोन-चार खड्डे घ्यायला लावा: इमारतीखाली, मोठ्या भरावाखाली आणि पाणी साठवायच्या जागी. भूजल वर्षातल्या सगळ्यात ओल्या काळात किती वर येतं ते विचारा. एक घरगुती चाचणी मात्र स्वतः करून बघण्यासारखी आहे. काचेच्या बरणीत तृतीयांश माती घाला, वर पाणी भरा, जोरात हलवा आणि बरणी स्थिर ठेवा. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयट्याचे, म्हणजे वाळूपेक्षा बारीक पण चिकणमातीपेक्षा जाड मातीचे, कण तासा-दोन तासांत आणि चिकणमाती दिवसभरानंतरही पाणी गढूळ ठेवते. पोयटा जास्त दिसला तर ती माती सगळ्यात सहज वाहून जाणारी, कारण तिच्या कणांना ना वाळूचं वजन ना चिकणमातीची पकड. चिकणमाती जास्त असेल तर ती सुटायला कठीण, पण एकदा पाण्यात मिसळली की खाली बसायला त्याहून कठीण. पुढे गाळ अडवायचे उपाय निवडताना ही बरणी आठवावी लागते.

पाणी बाहेर कुठून पडणार

पर्याय साधारण चारच असतात: नैसर्गिक ओढा किंवा नाला, रस्त्याकडेची नाली, पावसाळी पाण्याची पाइपलाइन, किंवा जागेतच साठवण आणि जिरवण. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न पातळीचा. नालीचा तळ मोजाच, पण मोठ्या पावसात त्या नालीत पाणी कुठवर चढतं तेही मोजा. तळ खाली असून उपयोग नाही. नाली तुडुंब भरली की आपलं पाणी जागेवरच थांबतं आणि कधी कधी उलटं आत येतं. दुसरा क्षमतेचा: आपल्या वाढलेल्या पाण्याचा भार खालची मोरी घेईल का? तिसरा हक्काचा. पाणी ज्या जागी आणि ज्या रूपात नैसर्गिकपणे हद्द ओलांडत होतं, शक्यतो तिथेच आणि तसंच सोडा. पूर्वी ५० मीटर रुंदीवर पसरून उतरणारं पाणी एका पाइपाच्या तोंडातून शेजाऱ्याच्या जमिनीवर फेकलं तर एकूण पाणी तेवढंच असूनही घळ पडते, आणि भांडण कोर्टात जातं.

योग्य तोंड सापडलं नाही तर लेआउट बदलायची हीच वेळ. रस्ता दहा मीटर सरकवणं कागदावर फुकट आहे.

पाणी किती येणार

लहान क्षेत्रासाठी जगभर वापरली जाणारी सोपी पद्धत म्हणजे रॅशनल पद्धत. पाण्याचा सर्वोच्च प्रवाह लिटर प्रति सेकंदात हवा असेल तर वाहून जाण्याचा गुणांक, पावसाची तीव्रता तासाला मिलिमीटरमध्ये आणि क्षेत्र हेक्टरमध्ये घेऊन तिन्हींचा गुणाकार करा, त्याला २.७८ ने गुणा. गुणांक म्हणजे पडलेल्या पावसातला किती हिस्सा वाहतो ते: गवताळ, जिरवणाऱ्या जमिनीला ०.२ ते ०.३, छपरं आणि डांबराला ०.९ च्या आसपास.

१ हेक्टर गवताळ जागा, गुणांक ०.३, पाऊस तासाला ६० मिलिमीटर: प्रवाह सुमारे ५० लिटर प्रति सेकंद. तिथेच इमारती आणि रस्ते झाले, गुणांक ०.८ वर गेला: १३३ लिटर प्रति सेकंद. खरं तर याहूनही जास्त, कारण गुळगुळीत पृष्ठभागावरून पाणी लवकर गोळा होतं. जागेच्या टोकावरचं पाणी तोंडापर्यंत यायला पूर्वी वीस मिनिटं लागत असतील तर आता दहा लागतात. पाऊस जितक्या कमी काळाचा घ्याल तितकी त्याची तीव्रता जास्त येते, त्यामुळे गणितात तीव्रतेचा आकडाही वाढवावा लागतो. हा आकडा त्या भागाच्या पर्जन्य तीव्रतेच्या आलेखांवरून घ्या. दिवसभराच्या पावसाला चोवीसाने भागून काढलेली सरासरी इथे कामाची नाही.

आतल्या नाल्या-पाइप सहसा २ ते १० वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसासाठी काढतात. पण त्याहून मोठा पाऊस कधीतरी येणारच. तेव्हा पाइप भरल्यावर पाणी कुठून वाहील, ही दुसरी वाट नकाशावर वेगळ्या रंगात काढा आणि १०० वर्षांतून एकदाच्या पावसालाही ती कोणाच्या दारातून जाणार नाही असं बघा. बऱ्याचदा रस्ताच ही वाट असतो. म्हणून रस्ता घरांपेक्षा खाली हवा.

पूर्वीचे ५० आणि आताचे १३३ यांतली तफावत खालच्या माणसावर ढकलायची नसेल तर साठवण तळं लागतं. ढोबळ अंदाज: ८३ लिटर प्रति सेकंद जादा, अर्धा तास, म्हणजे सुमारे १५० घनमीटर. अंतिम आकाराला रीतसर गणित लागतं, पण लेआउटमध्ये किती जागा राखायची ते एवढ्यावरून कळतं. तळं सखल कोपऱ्यातच येणार, आणि तोच कोपरा विकायला सगळ्यात वाईट असतो, तेव्हा मन घट्ट करायची फारशी गरज नाही.

पातळ्या ठरवणं

आता खालून वर चढायचं. आधी किमान उतार लक्षात ठेवा. इमारतीच्या भिंतीपासून पहिल्या ३ मीटरपर्यंत मातीला शेकडा ५, म्हणजे १५ सेंटिमीटर उतार. तिथे फरसबंदी असेल तर शेकडा २. मोकळ्या हिरवळीला शेकडा २, गवताच्या पसरट चराला त्याच्या लांबीत शेकडा १ ते २, सिमेंटच्या नालीला अर्धा टक्का चालतो. रस्त्याला आडवा उतार शेकडा २ ते २.५ आणि लांबीत किमान अर्धा टक्का. वाहनतळ १ ते ५ टक्क्यांत. व्हीलचेअर जाणारी पायवाट लांबीत ५ टक्क्यांपुढे गेली की तिला रॅम्पच समजा आणि १२ ला १ च्या आत ठेवा. मातीच्या उतारांची कमाल बाजू: यंत्राने गवत कापायचं असेल तर ३ आडवे १ उभा (३ मीटर आडवं गेल्यावर १ मीटर उंची), नुसतं झाकून ठेवायचं असेल तर २ आडवे १ उभा. त्याहून उभा हवा असेल तर मातीची तपासणी आणि बहुधा भिंत.

हे आकडे एकमेकांशी कसे अडतात ते एका इमारतीवर बघू. इमारत १२ मीटर लांब, १० मीटर खोल, मागची बाजू डोंगराकडे, रस्ता पुढे. फरशीची पातळी १००.६० धरली. भिंतीलगतची जमीन तिच्याखाली १५ सेंटिमीटर: १००.४५. मागे ३ मीटरवर पसरट चर, तिथे ५ टक्क्यांनी जमीन आली १००.३० वर. डोंगराचं पाणी आणि इमारतीचं पाणी दोन्ही या चरात पडणार. चराचा सगळ्यात उंच बिंदू मागच्या भिंतीच्या मधोमध, तिथून पाणी दोन्हीकडे फुटणार. मध्यापासून कोपऱ्यापर्यंत ६ आणि ३ मिळून ९ मीटर, पुढे बाजूने रस्त्याकडे आणखी १६ मीटर. एकूण २५ मीटर. २ टक्क्यांनी उतार ५० सेंटिमीटर, म्हणजे चर रस्त्याकडे पोचतो तेव्हा त्याचा तळ ९९.८० वर.

आता रस्त्याकडेच्या नालीचा तळ मोजला आणि तो ९९.९० निघाला. संपलं, चर नालीच्या १० सेंटिमीटर खाली पोचतोय. दोन पर्याय उरतात. चराचा उतार दीड टक्क्यावर आणा: घट ३७.५ सेंटिमीटर, तळ ९९.९२५, कसाबसा बसतो, पण नाली भरली की पाणी मागे थांबेल. किंवा सगळी इमारत २० सेंटिमीटर वर घ्या. मी दुसरा पर्याय निवडेन. चर खणताना दोन-तीन सेंटिमीटरची चूक होतेच, आणि कागदावर जेमतेम बसलेला उतार जागेवर हमखास सपाट निघतो. हीच आकडेमोड जोतं बांधून झाल्यावर समोर आली असती तर पहिला एकच पर्याय उरला असता.

मोठ्या लेआउटमध्ये हेच प्रत्येक प्लॉटला करायचं. प्रत्येक कोपऱ्याला, प्रत्येक चराच्या सुरुवातीला, वळणाला आणि शेवटाला पातळी लिहा. नुसत्या कंटूर रेषा कंत्राटदाराला पुरत नाहीत. खुंटीवर आकडा लागतो. एका प्लॉटचं पाणी दुसऱ्या प्लॉटच्या मधून न्यायचं टाळा. न्यावंच लागलं तर हद्दीवरून न्या आणि तो पट्टा कायमचा मोकळा ठेवल्याची नोंद कागदोपत्री करा, नाहीतर तिथे पुढे भिंत उभी राहते.

राखायच्या झाडांच्या फांद्यांच्या घेराखाली जमीन चढवू किंवा उतरवू नका. बुंध्याभोवती भराव टाकला की मुळांचा श्वास कोंडतो, आणि झाड वाळायला दोन-तीन वर्षं घेत असल्यामुळे कारण कोणाच्या लक्षातही येत नाही.

खोदाई आणि भरावाचा मेळ

जुन्या आणि नव्या पातळ्यांच्या फरकावरून प्रत्येक चौकटीची खोदाई आणि भराव काढा. संगणकाचं सॉफ्टवेअर हे मिनिटात करतं, पण तीन गोष्टी त्याला सांगाव्या लागतात.

एक, माती फुगते आणि दबते. जागेवरची १००० घनमीटर माती खणली की डंपरमध्ये ती सुमारे १२५० घनमीटर भरते, आणि रोलरने दाबल्यावर भरावात ९०० च्या आसपासच उरते. मातीप्रमाणे हे प्रमाण बदलतं, खडक तर याहून बराच जास्त फुगतो. दोन, वरची सुपीक माती भरावात धरायची नाही. तिच्यात मुळं आणि कुजकं द्रव्य असतं, ती खचते. १ हेक्टरवरून १५ सेंटिमीटर काढली तरी १५०० घनमीटर होतात. हा ढीग वेगळा लावायचा, २ मीटरपेक्षा उंच न करता झाकून ठेवायचा आणि शेवटी परत पसरायचा. तीन, पाया, पाइपांचे चर आणि रस्त्याचे थर यांतून निघणारी मातीही हिशेबात घ्या.

मेळ बसत नसेल तर सगळी रचना थोडी वर-खाली करून बघा. १ हेक्टर जागा १ सेंटिमीटरने उचलली की १०० घनमीटर भराव लागतो. पाच सेंटिमीटरच्या फरकाने शेकडो घनमीटर माती बाहेर न्यायची किंवा आणायची वाचते.

भराव टाकताना घाई चालत नाही. खालची जमीन साफ करून खरवडा, २० सेंटिमीटरच्या आसपास सैल थर पसरा, योग्य ओलावा आणा, दाबा, तपासा, मगच पुढचा थर. इमारत आणि रस्त्याखाली प्रॉक्टर चाचणीतल्या (प्रयोगशाळेत माती ठरावीक पद्धतीने दाबून काढलेल्या) कमाल घनतेच्या ९५ टक्के हा सर्वसाधारण निकष आहे. माती हातात घेऊन घट्ट मूठ वळली तर गोळा धरावा, पण तळहात ओला दिसू नये, इतका ओलावा ठीक. खालची जमीन ५ आडवे १ उभा यापेक्षा तिरकी असेल तर तिच्यात आधी पायऱ्या खोदा, नाहीतर नवा भराव जुन्या उतारावरून सरकतो. ९ मीटरपेक्षा उंच उतार असेल तर मध्ये किमान १.८ मीटर रुंदीचा टप्पा आणि त्यावर आतल्या बाजूने नाली हवी.

चर, नाल्या आणि पाइप

जिथे जागा आहे तिथे उघडा गवताळ चर पाइपापेक्षा मला केव्हाही बरा वाटतो. तो तुंबला की दिसतो. पाइप तुंबला की घरात पाणी आल्यावर कळतं.

चराचा आकार मॅनिंगच्या सूत्राने तपासतात; चराचा आकार, उतार आणि खरखरीतपणा यांवरून ते पाण्याचा वेग देतं. तळ ५० सेंटिमीटर, बाजू २ आडवे १ उभा, लांबीत उतार १ टक्का आणि आत छोटं गवत, म्हणजे खरखरीतपणा सुमारे ०.०३५. या चरात २० सेंटिमीटर पाणी असेल तर वेग सेकंदाला ०.७३ मीटर आणि प्रवाह सुमारे १३१ लिटर. आपल्या हेक्टरभर जागेचे १३३ लिटर जवळपास बसले. वर १० सेंटिमीटर मोकळे ठेवून चर ३० सेंटिमीटर खोल खणला की काम झालं. वेगही बघायचा: चांगलं धरलेलं गवत सेकंदाला १ ते १.५ मीटर सोसतं, उघडी पोयट्याची माती ०.६ च्या वर टिकत नाही. म्हणजे हाच चर गवताविना पहिल्याच मोठ्या पावसात कापला जाईल. मूळ धरेपर्यंत त्यात काथ्याची जाळी अंथरावी लागेल.

पाइपात उलटा प्रश्न असतो, वेग फार कमी नको. सेकंदाला ०.६ ते ०.७५ मीटरच्या खाली गेला की गाळ बसतो. प्रत्येक वळणावर आणि उतार बदलतो तिथे चेंबर द्या. पाइपाच्या तोंडाशी दगडांचं पिचिंग करा, खाली जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, घाला. नुसते दगड मातीवर टाकले तर खालची माती फटींतून निघून जाते आणि दगड खड्ड्यात बसतात.

जिरवण खड्डे आणि तळी इमारतीच्या पायापासून किमान ३ ते ५ मीटर लांब ठेवा, आणि फुगणारी चिकण काळी माती असेल तर आणखी लांब. आधार भिंतींच्या मागे खडीचा थर आणि पाणी निघायला भोकं किंवा सच्छिद्र पाइप हवाच. भिंती पडतात त्या बहुधा मागे तुंबलेल्या पाण्याने.

मधले महिने: धूप कशी रोखायची

मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने उघड्या मातीवर आदळतो आणि कण उडवतो. उडालेले कण पातळ पाण्याबरोबर घसरतात, पाणी बोटभर ओघळींत गोळा होतं आणि ओघळींची घळ होते. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची ऊर्जा चौपट होते. म्हणून प्राधान्यक्रम असा: आधी माती झाका म्हणजे थेंब थेट बसणार नाही, मग उताराची लांबी तोडा म्हणजे वेग वाढणार नाही, आणि सुटलेला गाळ अडवणं सगळ्यात शेवटी.

शेवटचा उपाय पहिला का नाही, याचं उत्तर बरणीत आहे. स्थिर पाण्यात १ मीटर खाली बसायला बारीक वाळूला दोनेक मिनिटं लागतात, पोयट्याच्या मध्यम कणाला पाऊण तास आणि चिकणमातीच्या कणाला तीनेक दिवस. गाळ-तळ्यात, म्हणजे गढूळ पाणी थांबवून गाळ खाली बसवायच्या तळ्यात, पाणी तीन दिवस थांबत नाही. चिकणमाती सुटली की ती गेलीच. तिला सुटू न देणं एवढंच हातात असतं.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जमीन उघडीच न करणं. सगळी जागा एकदम साफ करून ठेवायची हौस कंत्राटदाराला असते, कारण यंत्र एकदाच आणावं लागतं. कंत्राटातच लिहा: काम टप्प्यांत, पुढचा टप्पा उघडायच्या आधी मागचा झाकलेला हवा. काही काळ काम होणार नसलेला भाग दोन आठवड्यांच्या आत झाकायचा. झाकायला हेक्टरी साडेचार टन वाळलेला पेंढा पुरतो, पण तो दाबून किंवा जाळीने धरून ठेवावा लागतो. उभ्या उतारावर काथ्याची किंवा तागाची जाळी. ती मातीला सगळीकडे चिकटून बसली पाहिजे, कारण ताणून लावलेल्या जाळीखालून पाणी मजेत वाहतं. जाळीचं वरचं टोक चरात गाडा, नाहीतर पाणी तिथूनच आत शिरतं.

माथ्यावर, खोदलेल्या उताराच्या वर, एक वळण-चर आधी काढा. बाहेरचं स्वच्छ पाणी उघड्या मातीपर्यंत येऊच द्यायचं नाही. नव्या भराव-उतारावर चालणारा डोझर उभ्या दिशेने वर-खाली न्या, म्हणजे साखळीचे व्रण आडवे उमटतात आणि प्रत्येक व्रण छोटा बांध होतो. तोच डोझर आडवा चालवला की व्रण उभे होतात आणि पहिल्या पावसात त्यांच्या ओघळी.

आता सिल्ट फेन्स, म्हणजे गाळ अडवणारा कापडी पडदा. हा सगळीकडे दिसतो आणि बहुतेक ठिकाणी चुकीचा लावलेला असतो. तो कंटूरवर, एकाच पातळीत हवा. दोन्ही टोकं उताराच्या वरच्या दिशेने वळवलेली हवीत, नाहीतर अडलेलं पाणी टोकाकडे सरकतं आणि तिथून एकवटून सुटतं. कापडाची खालची १५ सेंटिमीटर किनार चरात गाडून वर माती दाबलेली हवी. खांब खालच्या बाजूला, म्हणजे पाण्याचा दाब कापडाला खांबावर टेकवतो. ३० मीटर लांबीच्या पडद्यामागे ०.१ हेक्टरपेक्षा जास्त जागेचं पाणी येऊ देऊ नका, आणि ओघळीत किंवा चरात आडवा तर कधीच लावू नका. गढूळ पाण्याचा डाग कापडावर आडव्या सरळ रेषेत उमटला असेल तर पडदा काम करतोय. कापड कोरडं आणि खाली मातीत बोगदा असेल तर पाणी खालून गेलंय.

चरात दगडी अडवण घालायची. तिचा मध्य दोन्ही टोकांपेक्षा निदान १५ सेंटिमीटर खाली ठेवा, नाहीतर पाणी बाजूने काठ कापतं. दोन अडवणींतलं अंतर असं की खालचीचा माथा वरचीच्या पायथ्याच्या पातळीत यावा. ५० सेंटिमीटर उंची आणि ५ टक्के उतार असेल तर १० मीटर.

तोंडाजवळ गाळ-तळं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या बांधकाम परवान्यात एकरी ३६०० घनफूट हा आकडा आहे, म्हणजे हेक्टरी सुमारे २५० घनमीटर. दुसरं मोजमाप नसेल तर हे धरा. लांबी रुंदीच्या किमान दुप्पट ठेवा आणि आत येणारं पाणी बाहेर जायच्या तोंडापासून लांब पाडा. कायमच्या साठवण तळ्याची जागाच काम चालू असताना गाळ-तळं म्हणून वापरता येते, पण जिरवण तळ्याच्या बाबतीत हे टाळा. त्याच्या तळाशी एकदा बारीक गाळ बसला की ते जिरवत नाही.

डंपर बाहेर पडतात तिथे किमान १५ मीटर लांब आणि १५ सेंटिमीटर जाड मोठ्या खडीचा पट्टा, खाली जिओटेक्स्टाइल. चाकांना चिकटलेला चिखल तिथे झडतो. रस्त्यावर गेलाच तर झाडून उचला, पाणी मारून नालीत ढकलू नका.

कामाचा क्रम

क्रम नकाशावरच लिहा, कारण चूक वस्तूंत नसते, क्रमात असते. आधी खडीचा प्रवेश-पट्टा आणि राखायच्या झाडांभोवती कुंपण. मग खालच्या हद्दीवर पडदे आणि गाळ-तळं, त्यासाठी लागेल तेवढीच झाडतोड. मग माथ्यावरचे वळण-चर. त्यानंतर उरलेली सफाई, वरची माती काढून ढीग, मोठी खोदाई आणि भराव. पाइप आणि चर खालच्या टोकाकडून वर बांधत या, म्हणजे अर्धवट लाइनलाही पाणी सोडायला तोंड असतं. प्रत्येक पाइपाच्या तोंडाशी गाळ अडवणारी खडी ठेवा. रस्त्याचे थर, अंतिम पातळ्या, वरची माती परत, बी पेरणं, आच्छादन.

रोज संध्याकाळी, खास करून पाऊस येईलसं वाटत असेल तर, भरावाचा माथा एका बाजूला उतरता करून रोलर फिरवून बंद करा. सैल, सपाट सोडलेला भराव एका रात्रीत पाणी पितो आणि पुढचे चार दिवस त्यावर काम करता येत नाही.

पाहणी आणि हस्तांतरण

आठवड्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर सगळे उपाय चालत जाऊन बघा. पडद्यामागे गाळ तृतीयांश उंचीला आला की काढा, गाळ-तळं अर्धं भरलं की उपसा. पाऊस चालू असताना छत्री घेऊन तोंडापाशी उभं राहा आणि बाहेर पडणारं पाणी बघा. ते आत येणाऱ्या पाण्याइतकंच गढूळ असेल तर वर कुठेतरी माती सुटतेय; गढूळपणाचा माग काढत वर चढा, बहुधा एखादी उघडी ओघळ किंवा न झाकलेला ढीग सापडतो. तारीख, पाऊस, काय बिघडलं, काय दुरुस्त केलं, हे फोटोंसह नोंदवत जा.

तात्पुरते उपाय गवताने साधारण ७० टक्के जमीन झाकल्याशिवाय काढू नका. पडदा काढल्यावर त्यामागे साचलेला गाळ पसरून त्यावरही बी टाकायचं असतं, नाहीतर पुढच्या पावसात तोच गाळ निघून जातो. काम संपल्यावर प्रत्यक्ष पातळ्या पुन्हा मोजून घ्या: चरांचे उंच बिंदू, पाइपांचे तळ, तळ्याचा तळ आणि सांडव्याचा माथा. तळ्याची साठवण गाळाने कमी झालेली नाही ना, हे याच मोजणीत कळतं. कंत्राटदाराचं शेवटचं बिल त्यानंतर. आणि चर कोण साफ करणार, तळं किती वर्षांनी कोण उपसणार, हे प्लॉट विकायच्या आधी लेखी ठरवा. रहिवाशांची संस्था झाल्यावर हा खर्च अंगावर घ्यायला कोणी पुढे येत नाही.